दहा ते दोन

समुद्र न पाहिलेल्या माणसानं समुद्रकाठच्या तालुक्याची माहिती लिहू नये, असा काही कायदा नाही. असता तर बरं झालं असतं. मी नागपूरची, पन्नाशी ओलांडलेली, आणि समुद्र पाहिलेला नाही. लहानपणी शाळेची सहल रामटेकला जायची. लग्नानंतर नवऱ्यासोबत गेले ती शेगावला, आणि ते लग्न मोडून आईकडे परत आले त्यानंतर कुठं जायचा प्रश्नच उरला नाही. तरीही कोकणातल्या एका तालुक्याचा इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या अशी तीन प्रकरणं मी एकटीनं लिहिली आणि ती छापलीही गेली. त्या तालुक्याचं नाव मी इथं घेत नाही. तिथल्या लोकांना माझ्यामुळे झाला तेवढा त्रास पुरे आहे.

आमचं ऑफिस खामल्यात, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. बदलून येणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या हातात द्यायला तालुक्यांना एक छोटी पुस्तिका लागायची, आणि त्या पुस्तिका आम्ही नागपुरात बसून लिहायचो. समोर जुनी गॅझेटियर, जनगणनेचे तक्ते, भिंतीवर नकाशा आणि टेबलावर फोन. प्रत्यक्ष जाऊन पाहायची पद्धत नव्हती. साहेब म्हणायचे, "जाऊन काय पाहाचं आहे? डोंगर काय जागचा हलते का?" डोंगर हलत नाही हे खरं होतं. समुद्र हलतो, हे त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही.

मी ऑफिसला चारच तास जायचे. दहा ते दोन. हे वेळापत्रक साहेबांनी ठरवलेलं नव्हतं, आमच्या घरानं ठरवलं होतं. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून पलंग, खिडकीजवळची खुर्ची आणि पुन्हा पलंग एवढंच तिचं फिरणं उरलं. डोकंही कधी जागेवर असतं, कधी नसतं. आठ वाजता घेतलेला चहा नऊ वाजता आठवत नाही आणि मी तिला उपाशी ठेवते असं ती फोनवर नातेवाइकांना सांगते. तिच्याजवळ बसायला एक बाई येते, सकाळी दहाला. बाईचा नवरा हिंगण्याला कारखान्यात आहे आणि त्याची पाळी दुपारी तीनची. त्याचा डबा भरून द्यायला ती दोनला निघते, म्हणजे निघतेच.

एकदा मी वीस मिनिटं उशिरा पोचले. बाई वाट पाहून, बाहेरून कडी घालून गेली होती. आई मला शोधायला उठली आणि पलंगाच्या कडेला पडली. मी दार उघडलं तेव्हा ती जमिनीवर बसून शांतपणे म्हणाली, "आली का वं? मी म्हटलं तू गेली." कुठं गेली असं तिला वाटलं, हे मी विचारलं नाही. तेव्हापासून दीड वाजला की माझं कामातलं लक्ष उडायचं, आणि पावणेदोनला वाक्य अर्धं असलं तरी मी जिना उतरत असायचे.

शेजारणी म्हणायच्या, किती करते बाई आईचं. तेव्हा त्यांना आमच्या घराच्या जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटायचं. मला आईचा राग यायचा, आणि राग आला की स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की पुन्हा तिचाच राग यायचा. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, लिफ्ट नाही, खिडकीतून समोरच्या इमारतीचे कूलर दिसतात. दुपारी दोन ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मी तिथं असायचे. हे किती वर्षं चालणार, असं मी मनात मोजू लागले की त्या मोजण्याचा अर्थ काय होतो ते कळायचं आणि मी भांडी घासायला उठायचे.

त्यामुळे कोकणातला तालुका माझ्या वाट्याला आला तेव्हा मी त्याला दोन्ही हातांनी धरलं. साहेबांना वाटलं, बाई मन लावून काम करून राहिली. मी त्या चार तासांत तिथं राहायला गेले होते. इतिहासाच्या प्रकरणात एक बंदर होतं. एके काळी तिथं गलबतं लागायची, कौलं आणि मीठ भरून न्यायची, मग खाडी गाळानं भरत गेली आणि बंदराची जेट्टी चिखलात उभी राहिली. भूगोलात जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे डोंगरावरचे सपाट खडकाळ माळ होते, त्यांच्यावर पावसाळ्यात उगवणारं गवत, डोंगर उतरताच भाताची खाचरं, आणि मग खाडीच्या तोंडाशी खारफुटी. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिथली लाल माती पावसात सरळ वाहून जाते, हे मला फोनवर कोणीतरी सांगितलं आणि मी दिवसभर त्या मातीचा विचार करत होते.

फोनवर सगळ्यात जास्त मदत केली ती बेटावरच्या शाळेतल्या गुरुजींनी. त्या तालुक्यात खाडीच्या मधोमध एक लहान बेट आहे, त्यावर एक गाव, आणि गावात गुरुजींची एकशिक्षकी शाळा. लोकसंख्येच्या प्रकरणासाठी मी त्यांना विचारलं, गावात माणसं किती? ते हसले. म्हणाले, "कधी मोजायची ते सांगा ताई. गणपतीत मोजलीत तर एक आकडा, दिवाळी झाल्यावर मोजलीत तर दुसरा. यादीत आहेत ती मुंबईत आहेत, आणि इथं आहेत त्यांतल्या निम्म्यांना ऐकू येत नाही." बंद घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असत. पावसाळ्याआधी ते एकेक घर उघडून कौलं बघून येत. ते सगळं मी मजकुरात घातलं. साहेबांनी किल्ल्या काढून टाकल्या.

पुस्तिकेच्या शेवटी 'कसे जाल' असं एक पान असायचं. बेटावर चालत कसं जायचं, हे मी गुरुजींना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "खाडीचं पाणी उतरलं की वाट दिसते. मधे थोडा चिखल आहे, अर्धा तास धरा. आज दहा ते दोन वाट मोकळी आहे." मी वहीत लिहिलं, दहा ते दोन. 'आज' मी लिहिलं नाही.

का लिहिलं नाही, यावर मी नंतर बराच विचार केलेला आहे, कारण विचार करायला मला वेळच वेळ आहे. आमच्याकडे नळाला पाणी येतं साडेसहा ते साडेसात. उन्हाळा असो, हिवाळा असो, त्या तासात बादल्या भरायच्या. पाणी येतं आणि पाणी जातं, आणि त्याची वेळ ठरलेली असते, याबद्दल माझ्या मनात कधी शंकाच नव्हती. ओहोटी रोज असते हे मला शाळेपासून माहीत होतं. ती रोज त्याच वेळी नसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर रामटेकच्या सहलीच्या दिवशी सांगितलं असेल. आणि दहा ते दोन ही तर माझीच वेळ होती. माझं दार ज्या वेळी उघडतं त्याच वेळी त्या बेटाचंही उघडतं, याचं मला नवल वाटण्याऐवजी बरं वाटलं. छापून आलं ते असं: 'बेटाकडे जाणारी पायवाट दररोज सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत मोकळी असते.' 'दररोज' हा शब्द मी माझ्या मनानं घातला.

पुस्तिका गेली. मी दुसऱ्या तालुक्याला लागले, तिकडे समुद्र नव्हता. बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी ऑफिसात गुरुजींचा फोन आला. नेहमीसारखं कसं काय वगैरे नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही त्या पानावर काय लिहून ठेवलंत?"

बेटावरच्या लहान मुलांना लसी द्यायला एक नवी नर्स आली होती. तिला रुजू होताना पुस्तिका मिळाली. बेटावर जायचा तिचा पहिलाच दिवस. बरोबरचा माणूस आजारी पडला म्हणून ती एकटीच निघाली, खांद्याला लसींची पेटी. पावणेअकरा वाजता ती खाडीच्या काठाला पोचली. वाट समोर दिसत होती आणि पुस्तिकेप्रमाणे हातात तीन तास होते. चिखलात पाय रुतत होते म्हणून ती सावकाश चालली. मधोमध पोचली तेव्हा पाणी समोरून आलंच नाही, मागून आलं. काठाजवळचे ओहोळ आधी भरतात हे तिला कसं माहीत असणार. परत फिरावं तर मागं कमरेएवढं, पुढं जावं तर वाट दिसेना. जाळी बांधायला रोवलेले लाकडी खांब होते, त्यांतल्या एकाला तिनं मिठी मारली. बेटावरच्या बायका चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, गोळा करून परतत होत्या, त्यांना ती दिसली म्हणून होडी गेली. तोवर पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं. पेटी वाहून गेली.

मी म्हणाले, "पण गुरुजी, वेळ तर तुम्हीच सांगितली होती." माझा आवाज चढला होता. चूक सापडली की मी आधी भांडते.

गुरुजी मग म्हणाले, "मी आज म्हटलं असेन ताई. वेळ रोज पाऊण तास पुढं सरकते. हे कोणाला सांगावं लागतं, हे मला माहीत नव्हतं."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तालुक्याच्या कचेरीतून त्यांनाही फोन आला होता. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, तेच वाईट लक्षण होतं. म्हणाले, "हे पाहा, शेवटच्या पानावर आपण बारीक अक्षरात टाकतोच ना, स्थानिक चौकशी करावी. बस. तुम्ही काही लेखी द्यायचं नाही. कोणी विचारलं, तर माहिती गोळा करून राहिलो होतो, येवढंच. लेखी गेलं की आपलं काम जाते, अन् काम गेलं तर मी तुम्हाले ठेवू शकत नाही." मी मान हलवली. दीड वाजून गेला होता आणि मला निघायचं होतं.

त्यानंतरचे काही दिवस मला जेवण जात नव्हतं. आईला भरवताना चमचा हातात धरून मी त्या खांबाचा विचार करायचे. एका माणसाला मी मारायचंच बाकी ठेवलं होतं, तेही इथं बसून, पंख्याखाली. आणि तरीही ऑफिसात फोन वाजला की मला वाटायचं, त्या नर्सचा नसो. या भीतीची मला जास्त शरम वाटते.

मग एक दिवस दोनला पाच कमी असताना मी जिना चढले तर दाराशी अनोळखी चपला. आत आईच्या खुर्चीसमोर एक मुलगी बसली होती, अठ्ठावीस-तीसची, आणि आई तिला माझ्या लहानपणच्या तापाची गोष्ट सांगत होती. बाईनं मला पाहिलं आणि पदर खोचत निघाली. "तुमची वाट पाहून राहिल्या ह्या तासाभरापासून. येतो मी." दोन वाजले होते.

"मी ती नर्स," मुलगी म्हणाली. "बेटावरची."

ती आमच्याकडचीच, हे तिच्या बोलण्यावरून कळलं. ती उमरेडकडची निघाली. सुटीवर घरी आली होती, ऑफिसात फोन करून तिनं माझा पत्ता मिळवला होता. पिशवीतून तिनं पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. पानं फुगून वाळली होती आणि कडांना मीठ लागलं होतं. मी बोटानं ते मीठ पाहिलं. समुद्राची मी हात लावलेली ही पहिली वस्तू.

"मागं नागपूरचा पत्ता होता," ती म्हणाली. "म्हटलं, आपल्याकडच्या माणसानं लिवलं, समजून-उमजून लिवलं असन. त्या लोकाइची बोली मले पटकन समजत नाही. म्हणून मी कोणाले विचारलंच नाही. पुस्तकावर गेली."

मी तिला पाणी आणून दिलं.

"तुम्ही पाहिली का ती वाट?"

"नाही."

"समुद्र?"

"नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "माझ्यावर हलगर्जीपणा लावला आहे," ती म्हणाली. "पेटी माझ्या हातून गेली, हे खरं आहे. पण मी काही खेळत खेळत नव्हती गेली. तुम्ही येवढंच लिवून द्या, का पुस्तकातली वेळ चुकली अन् चूक माझ्याकडून नाही झाली. तुमची सही पाहिजे. नाहीतर नोकरीत डाग लागते. मी घरात पहिली शिकलेली आहो."

मी म्हणाले, "साहेबांना विचारावं लागेल." हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यांची चव कडू लागली. खरं सांगायचं तर तिचा जीव, तिची नोकरी हे माझ्या मनात नंतर आलं. आधी माझे चार तास आले. सही केली की नोकरी जाईल. नोकरी गेली की बाईला चार तास ठेवणं परवडणार नाही. मग जिना नाही, खामल्याचा रस्ता नाही, नकाशा नाही. मी चोवीस तास या दोन खोल्यांत.

आई मधेच म्हणाली, "त्या दिवशी कोणती तिथी होती वं पोरी?"

आई असं काहीही मधे विचारते. मी तिला गप्प करणार होते, पण ती मुलगी वळून म्हणाली, "चतुर्थी होती आजी. माहा उपास होता."

"संकष्टी," आई म्हणाली.

"हो. तिथल्या बायका मंग म्हणे, चतुर्थीले कोणी अकराले उतरते का? त्याइचा हिशोब तिथीवर राहते आजी. तिथीची पाऊणपट करायची. चार तिथी, तीन. तीन वाजता भरती पुरी. म्हणजे नऊले पाणी सगळ्यात खाली, अन् तिथून चढणं सुरू. मी पावणेअकराले उतरली."

आई डोळे मिटून पुटपुटू लागली. तिच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे पाठ करून घेत. "चार पाऊण तीन. पाच पाऊण पावणेचार. सहा पाऊण साडेचार. सात पाऊण सव्वापाच. आठ पाऊण सहा." ती थांबली. सकाळचा चहा न आठवणारी माझी आई. "सहाले भरती, तर बाराले उतार. दहा ते दोन अष्टमीले राहीन. तू अष्टमीले फोन केला असन त्या मास्तरले."

मी उठून माझी वही काढली. गुरुजींच्या फोनच्या पानावर तारीख होती. मग स्वयंपाकघरात गेले. आमच्या फ्रिजशेजारी तिथी आणि उपास पाहायला आईची दिनदर्शिका टांगलेली असते. मला तिचा मनापासून तिटकारा आहे, कारण तिच्यातल्या प्रत्येक उपासाला साबुदाणा मला भिजवावा लागतो. मागची पानं उलटून ती तारीख पाहिली. अष्टमी. खाडीचं सगळं वेळापत्रक वर्षानुवर्षं माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होतं, आणि मी रोज त्याच्याकडे पाहून कपाळाला आठ्या घालत होते.

बाहेर आले तर आईची आडवं व्हायची वेळ झाली होती. मी हात घालायच्या आधीच त्या मुलीनं एक हात खांद्याखाली, एक खुब्याच्या वर घालून तिला उचललं आणि पलंगावर नेलं. मला रोज त्यात धाप लागते. चादर सारखी करताना तिनं सहज विचारलं, "बाहेर कवा जाता तुम्ही?"

"ऑफिसला. दहा ते दोन."

"अन् मंग?"

"मग घरीच."

"रोज?"

"रोज," मी म्हणाले.

तिचे हात चादरीवर थांबले. तिनं दाराकडे पाहिलं, जिथून बाई गेली होती, मग घड्याळाकडे. मग टेबलावरची पुस्तिका उचलून पिशवीत टाकली. "राहू द्या ताई," ती म्हणाली. "मी पाहतो काही दुसरं. तुम्ही नका लिवू."

तिनं माझ्याकडे जसं पाहिलं तसं मला कोणी पाहिलेलं खपत नाही. शेजारणींचं मी सहन करते, त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ जातो म्हणून. पण ही मुलगी माझ्या एका शब्दापायी गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली होती, आणि माझी दया करत होती. माझं डोकं सणकलं. "बस खाली," मी म्हणाले, आणि ती बसली. मी कोरा कागद घेतला. पुस्तिकेचं नाव, पान, वाक्य, आणि खाली लिहिलं की, गुरुजींनी त्या एका दिवसाची वेळ सांगितली होती, ती मी दररोजची म्हणून लिहिली. मी समुद्र कधी पाहिलेला नाही. ही चूक माझी एकटीची आहे. समुद्राचं वाक्य लिहायची गरज नव्हती. तरी लिहिलं. सही केली आणि खाली तारीख घातली.

ती कागद वाचून म्हणाली, "तुमची नोकरी?"

"ते मी पाहीन."

जाताना तिनं आईला वाकून नमस्कार केला. मला केला नाही. मला ते आवडलं.

साहेबांनी आरडाओरडा केला नाही. आठवड्याभरानं म्हणाले, उद्यापासून येऊ नका, आणि नकाशा पाहिजे तर घेऊन जा. मी नकाशा आणला, पण आमच्याकडे त्याला भिंत नाही, तो पलंगाखाली गुंडाळून ठेवला आहे. बाई आता सकाळी तासभर येते, आईची आंघोळ करून देते आणि दुसऱ्या घरी जाते. भाजी आणि औषधं दारात येतात. हल्ली घरबसल्या सगळं मिळतं, असं लोक कौतुकानं म्हणतात. पहिल्या काही दिवसांत दहाला माझे पाय आपोआप चपलेकडे जायचे. मी दारापर्यंत जाऊन कडी नीट लागली आहे का ते पाहून परत यायचे.

गुरुजींनी कळवलं की मुलीची चौकशी मिटली. काठावर आता फळा लावला आहे आणि शाळेतलं कोणीतरी रोज त्यावर खडूनं त्या दिवसाची वेळ लिहितं. तुम्ही एकदा या, असं ते दर वेळी म्हणतात. मी हो म्हणते.

सकाळी आई उठली की मी तिला तिथी विचारते. ती न चुकता सांगते, आणि चहा गाळता गाळता मी पाऊणपट करते. आज वाट पहाटेच उघडली असेल. दुसऱ्या एखाद्या सकाळी, आज ती दुपारी तीनला बंद होईल. त्या बेटावरच्या माणसांनाही पाणी कोंडतं, पण रोज तास बदलून कोंडतं. आज ज्याची अडचण झाली त्याची चार दिवसांनी सोय होते. मला त्यांचा हेवा वाटतो, आणि हेवा वाटतो हे लिहायला आता मला काही भीती नाही.

परवा अष्टमी होती. साडेदहाच्या सुमाराला फोनवर एक फोटो आला. चिखलातली वाट, दोन्ही बाजूंना घोट्याएवढं पाणी, आणि खाली कोपऱ्यात लसींच्या पेटीचा पट्टा. खाली लिहिलं होतं, 'ताई, आज तुमची वेळ बरोबर आहे. जाऊन राहिली.'

मी फोटो मोठा करून पाहत बसले. लांब, वाटेच्या टोकाला, आकाशाखाली एक राखाडी रेघ दिसत होती. ती समुद्राची असावी.

आईनं पलंगावरून विचारलं, "कोणाचं आहे वं?"

"त्या नर्सचं. म्हणते, आज दहा ते दोन वाट मोकळी आहे."

आईनं घड्याळाकडे पाहिलं. नोकरी गेल्याचं मी तिला चारदा सांगितलं आहे. तिनं काळजीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग तू काहून बसून राहिली अजून? जाय ना. दोन वाजून जातीन."